आत घेतलेली शिवण

ताईने आईचा निळा झगा पलंगावर पसरला आणि सवयीप्रमाणे आधी उलटा केला. जुन्या कपड्यांचा इतिहास शोधण्यात तिचे निम्मे आयुष्य गेले होते. कोपर किती झिजले, खिसा कोणत्या बाजूने फाटला, एवढ्यावरून ती शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांची दिनचर्या सांगायची.

धाकटी दाराला टेकून उभी होती. आईजवळ तीच राहायची. आईला जाऊन महिना झाला, तरी मामाचे बोलणे तिच्या मनातून जात नव्हते: तुझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली, लक्ष कुठं होतं तुझं?

"परक्यांचे कपडे बघून सगळं ओळखतेस ना तू," ती म्हणाली. "मग आता खरं सांग. मला कळायला हवं होतं का गं? कपडे तर शेवटपर्यंत मापात बसत होते तिला. एकही ढगळ दिसत नव्हता."

ताईने चष्मा पुसला आणि शिवणीला पट्टी लावली. कामाला बसली की तिचा आवाज परका व्हायचा, तसा तो आजही झाला.

"ही मूळ शिवण, मशीनची. वापरणारीने तिच्या आत हाताने दुसरी घातली. मग आणखी आत तिसरी. ही शेवटची. वापरणारी सतत बारीक होत..."

तिने पट्टी खाली ठेवली. वापरणारी म्हणजे कोण, हे तिला आत्ता कुठे जाणवले.

"आई वाळत होती आणि कपडे आत घेत होती," ती हळूच म्हणाली. "बाहेरून टाकासुद्धा दिसू दिला नाही बघ. मीही फसले असते. तुझी काही चूक नाही. मामाला पाठव माझ्याकडे, दाखवते त्याला."

ताईला हायसे वाटले. निदान पोरीच्या जिवाचा घोर तरी मिटेल.

धाकटी जवळ आली. शेवटच्या शिवणीवरून तिने बोट फिरवले. बाकीचे टाके निळ्या दोऱ्याचे होते, हे काळ्या दोऱ्याचे.

"निळा संपला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "बटण लावायचंय, आई म्हणाली. तिला सुईचं भोक कुठे दिसायचं? दरवेळी दोरा मीच ओवून द्यायचे."