एक बोट डावीकडे

"आये, लाल बटन दाब!" मागच्या खोलीतून सुशील ओरडला.

चंद्रावतीने लाटणं बाजूला ठेवलं, पदराला बोट पुसलं आणि लॅपटॉपवरचं बटण दाबलं. लगेच मागच्या खोलीत गिटार गुरगुरली, तावदानं थरथरली आणि परसातल्या कोंबड्या कुंपणाकडे पळाल्या. पेणच्या त्या आळीला आता याची सवय झाली होती.

सुशील रोज गाडीने रोह्याला जायचा, तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला. सुट्टीच्या दिवशी मात्र तो हेवी मेटल वाजवायचा, आणि वाजवण्यापेक्षा जास्त मन लावून ते रेकॉर्ड करायचा. गिटार काय, कुणीही वाजवतो. अ‍ॅम्पच्या स्पीकरसमोर माईक लावता येणं ही खरी विद्या, असं त्याचं ठाम मत होतं. त्याची सगळीच मतं ठाम असत.

ठाण्याच्या एका बँडला आपल्या अल्बमची गिटार रेकॉर्ड करणारा माणूस हवा होता. आवाज खऱ्या अ‍ॅम्पचाच हवा, कॉम्प्युटरमधला बनावट नको, एवढीच अट. नमुना आज, शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

"ह्ये काम मिलालं की कंपनीला रामराम," सुशीलने जाहीर करून टाकलं होतं. राजीनामाही लिहून तयार होता.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," चंद्रावती म्हणाली होती.

लॅपटॉपच्या पंख्याची घरघर माईकमध्ये जाऊ नये म्हणून त्याने तो स्वयंपाकघरात एका पाटावर ठेवला होता. माईकची वायर दाराखालून तिथपर्यंत आणली होती. पहिला नमुना ऐकायला तो आला तेव्हा चंद्रावती पोह्यांचे पापड लाटत होती. त्याने हेडफोन लावला आणि तोंड वाकडं केलं. पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाजत होतं.

"माईक पार मधोमध झाला. एक बोट डावीकडे घेतो."

स्पीकरच्या मध्यावर माईक धरला की आवाज कापतो, कडेला नेला की गच्च होतो. यांच्या मधली जागा ज्याला सापडली तो जिंकला. सुशीलने श्वास रोखून माईक बोटभर सरकवला. पुन्हा हाक, पुन्हा बटण, पुन्हा कोंबड्या.

या वेळी लॅपटॉप भांड्यांच्या फळीवर होता.

"पीठ उडतंय त्याच्यावर," चंद्रावती म्हणाली.

"कुठं पन ठेव गो. त्यानं आवाजाला काय फरक पडतो? फकस्त वायर ओढू नको."

आवाज खरंच सुधारला होता. त्यात अंग आलं होतं. दोन सुरांच्या मधल्या शांततेत बारीक ठपठप मात्र येत होती. सुशील खूश होऊन हसला.

"माईकचा कान बघ कसा तिखट हाय! दोन भिंतींपल्याडचं तुझं लाटनं पकडलंन."

"मग लाटू नको काय मी?"

"लाट गो. मधल्या गप्प जागा मी मागनं कापतो."

तिसऱ्या वेळी त्याने माईक आणखी अर्धं बोट सरकवून जरासा तिरका केला. वाजवून आला तेव्हा लॅपटॉप पुसून पुन्हा पाटावर ठेवलेला होता. हेडफोन कानाला लावला आणि तो खालीच बसला. आवाज खोल, काळाभोर, जमिनीतून वर आल्यासारखा. गेली सहा वर्षं मनात वाजत होता तोच.

"सापडली जागा, आये!"

त्याने रांगोळीचा डबा आणला आणि माईकच्या स्टँडच्या तिन्ही पायांभोवती गोल काढले. आता भूकंप झाला तरी जागा चुकणार नव्हती. नमुना त्याने लगेच पाठवून दिला.

सोमवारी बँडचा म्होरक्या आदेश याचा फोन आला. "हा आवाज आम्ही दोन वर्षं शोधतोय. अख्खा अल्बम तुझ्याच घरी करू." त्याच दिवशी सुशीलने रोह्याला राजीनामा दिला. फोरमनने दोनदा विचार कर म्हणून सांगितलं. सुशीलने एकदाही केला नाही. परतीच्या गाडीत निडी स्टेशन मागे पडेपर्यंत तो एकटाच हसत होता.

रविवारी सकाळी आदेश स्वतः आला. दोन पापड खाल्ले, आणि मागच्या खोलीत रांगोळीपाशी गुडघ्यांवर बसून माईक लावलेली जागा न्याहाळत राहिला.

"मानलं. अंतर मोजू का?"

"खुशाल मोजा. हातच्या काकनाला आरसा कशाला!"

"मग आधी माईक चालू करून बघू. मी टिचकी मारतो. तू आवाजाची पट्टी बघ."

सुशील स्वयंपाकघरात येऊन लॅपटॉपपुढे उभा राहिला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी निपचित पडली होती.

"मारा!" तो ओरडला. पट्टीने टुणकन उडी घेतली. "आली! आली! अजून एक मारा!" पट्टी थेट लाल झाली. "बघितलात कसा कान हाय?"

"मी अजून एकही मारली नाही," आत येत आदेश म्हणाला.

चंद्रावतीने नवी लाटी घेतली. लाटणं पोळपाटावर टेकलं, पट्टी उडाली. उचललं, पट्टी पडली. आदेश उलट पावली मागच्या खोलीत गेला आणि माईकवर टकटक करत राहिला. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल एवढी नव्हती ती टकटक, आणि पट्टीही हलेना. सुशील वायरीकडे बघत राहिला. वायर जागेवर होती, कुणी ओढली नव्हती.

आदेश परत आला. लॅपटॉपच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं, लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकचं. त्यासमोर त्याने हलकेच चुटकी वाजवली. पट्टी लाल झाली.

मग सुशीलकडे पाठ करून त्याने चंद्रावतीच्या शेजारी पाट ओढला, मांडी घातली आणि खिशातून वही काढली.

"मावशी, त्या शनिवारी तिसऱ्या वेळेला हा लॅपटॉप तुम्ही नेमका कुठं ठेवला होता?"