सिनेमातली बाई

आरोग्य खात्याच्या गाडीनं रोहणा गावच्या शाळेत सिनेमा दाखवला, त्याच संध्याकाळी पंचफुला कोंबडीचं पीस घेऊन आईसमोर बसली. "माय, डोये मीट आन् पीस कुठी लागते ते सांग." कापूस वेचून दमलेल्या आईनं, जयवंतानं, हसत डोळे मिटले. "गालावर. आता मानेवर." बराच वेळ गेला. "थांबली काऊन व? लाव ना!" तिनं डोळे उघडले, तर पीस मनगटावरच्या फिकट चट्ट्यावर फिरत होतं आणि पोर रडत होती. "माय, हा महारोग हाये. पण सिनेमातली बाई गोळ्यांनी बरी झाली!" दुसऱ्याच दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. तीन वर्षं जयवंतानं एकही गोळी चुकवली नाही. डॉक्टरांनी "बरी झालीस" म्हटलं, त्या दिवशी धाकट्या लेकीचा हात पाचही शाबूत बोटांनी धरून ती शाळेत गेली. "मास्तर, शाळेनं मले वाचवलं. हिचंबी नाव घाला."