एका मिनिटात उत्तर

भट्टीवरच्या लटारूचा बोलका निरोप प्रवीणने कानाला लावला आणि लगेच दूर धरला. निरोप एकोणचाळीस सेकंदांचा होता. त्यातले पहिले तीस सेकंद लटारू तोंडातला तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात नेत होता. मग पच्‌कन थुंकल्याचा आवाज. मग भट्टीची धडधड. आणि शेवटी, "...तं मंग काय करू, भाऊ?"

प्रवीणने मोबाइल सदऱ्याला पुसला. मग कानही पुसला.

ब्रह्मपुरीजवळची ही पोह्याची गिरणी त्याच्या वडिलांची, गुणवंतरावांची. कामगार सहा, शिवाय पाणी वाटणारी ठमाबाई. गुणवंतरावांच्या काळात निरोपाची सोय एकच होती, ती म्हणजे ठमाबाई. मालक तिला सकाळी सांगत, "आज जाडा पोहा." ठमाबाई पाण्याची कळशी घेऊन भट्टीपासून पोत्यांपर्यंत फिरे आणि एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडे, "आज जाडा." यंत्रांच्या गोंगाटात दुसरं काही ऐकूच येत नसे. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. एसटी नागभीडची की वडश्याची, हे ती शेजारणीला विचारून चढे. पण तिचा निरोप कधी चुकला नव्हता.

प्रवीणला या प्रकाराची शिसारी यायची. कानात ओरडणं, उडणारी थुंकी, सहा तोंडांना लागणारा एकच गडवा. वडील थकल्यावर गिरणी हाती आली, तसा तो नागपूरला जाऊन तीन दिवसांचं शिबिर करून आला. छोट्या धंद्यात संपर्काचं योग्य साधन कोणतं, असा विषय होता. आल्या आल्या त्याने व्हॉट्सॲपवर गिरणीचा ग्रुप काढला.

पहिल्या सकाळी ग्रुपवर सहा गुलाब आले. मिथुनने स्वतःच्या किडक्या दाढेचा फोटो टाकला, अगदी जवळून, आणि खाली 'कोनी डाक्टर सांगा'. रुखमाने व्यालेल्या बकरीचा व्हिडिओ टाकला, तोही अगदी जवळून. प्रवीण तेव्हा नाश्ता करत होता.

त्याने दुसरा ग्रुप काढला, 'फक्त काम'. गुलाब तिकडे गेले. मग तिसरा, 'फक्त काम, गुलाब नाही'. त्यावर लटारूने कमळ पाठवलं.

शेवटी प्रवीणने नियमच केला. बोलका निरोप बंद, फोटो बंद. मालकाने काही लिहिलं की प्रत्येकाने एका मिनिटात अंगठ्याचं चित्र पाठवायचं. ज्याचं येणार नाही, त्याचं नाव फाटकाजवळच्या फळ्यावर लाल खडूने. ठमाबाईची फेरीही त्याने बंद केली. तिला फाटकाशी सूप देऊन न चेपलेले दाणे निवडायला बसवलं.

दोन दिवस फळ्यावर सहाच्या सहा नावं झळकली.

"भाऊ, हात भट्टीपाशी रायते," लटारू म्हणाला. "मोबाइल कुठी धरू? दातात?"

"दातात तुझ्या जागा आहे का?" प्रवीण म्हणाला. "ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवसापासून फळा कोरा राहिला. प्रवीणने कार्यालयातून निरोप सोडला की मिनिटाच्या आत सहा अंगठे येत. रोज एकाच क्रमाने, आधी लटारू, मग रुखमा, मग मिथुन. शिस्त म्हणतात ती हीच. तीन आठवडे पोहा जाडाच निघत होता, तेव्हा कळवण्यासारखं फारसं नव्हतं. तरी प्रवीण दिवसाला वीस निरोप लिही. 'कामात लक्ष द्या.' 'पाणी जपून वापरा.' 'शिस्त म्हणजेच प्रगती.' सगळ्यांना अंगठे येत.

काचेतून त्याला फाटकाशी बसलेली ठमाबाई दिसे. मान खाली, वाऱ्यामुळे सुपावर पदर ओढलेला, बोट सारखं हलतंय. हिच्याजवळ मोबाइल नाही, त्याला वाटे, म्हणूनच बाई इतकं काम करते.

त्या गुरुवारी नागपूरचे व्यापारी प्रफुलभाऊ आले. वर्षभराचा माल त्यांना एकाच गिरणीतून घ्यायचा होता. तो करार मिळाला नाही तर दोनपैकी एक यंत्र बंद करावं लागेल आणि तीन माणसं घरी पाठवावी लागतील, हे प्रवीणला ठाऊक होतं.

"मागच्या गिरणीवाल्याले मी पातळ सांगतलं," प्रफुलभाऊ म्हणाले. "थो निरोप आतमंदी दोन दिवसानं पोचला. मले जाडा आला. तुमचा किती वेळात पोचते?"

"एका मिनिटात."

"दाखवा मंग. संध्याकाळच्या माह्या गाडीत जाडा चालला नं? पातळ करा."

प्रवीणने लिहिलं, 'जाडा थांबवा. आजच्या गाडीत फक्त पातळ पोहा.' प्रफुलभाऊंनी घड्याळ धरलं. लटारू, रुखमा, मिथुन, मग बाकीचे तिघं. चाळीस सेकंद.

प्रफुलभाऊंनी पडद्यावरचे अंगठे मोजले. मग त्यांनी खिशातून कराराचा कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. "असे मानसं मी पाह्यले नाई. त्याईच्यासमोरच सही करतो, चला."

दोघं अंगणात आले. मिथुन जाड्या पोह्याचं पोतं घेऊन गाडीपाशी उभा होता. आधी चढवलेली उतरवत असेल, असं प्रवीणला वाटलं.

फाटकाशी प्रफुलभाऊ थांबले. "काय निवडून राह्यल्या, बाई?"

ठमाबाईने पदर बाजूला केला. सुपात सहा मोबाइल ओळीने मांडलेले होते.

"पाहा नं जी, एकबी सुटला नाई," ती म्हणाली. मग तिने प्रवीणकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "पर बाबू, काय लिवून रायते तू त्याच्यात?"