रिकाम्या बांगड्या

"ही पण रिकामी," आई म्हणाली आणि चिखलातली हिरवी बांगडी तिनं काठीच्या टोकानं दाखवली.

सिद्धीनं वहीत फुली मारली. कुंपणाबाहेरची सतरावी.

पुण्यात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या तिच्या आईनं, नवरा गेल्यापासून पेटीत पडून असलेल्या बांगड्या ख्राइस्टचर्चला आणल्या होत्या. ऑक्टोबरात तिनं या रानात फाइव्हफिंगर या इथल्या मूळच्या झाडाच्या चाळीस कोवळ्या रोपांभोवती एकेक बांगडी ठेवली. वीस तारेच्या कुंपणाच्या आत, वीस बाहेर. आता एप्रिल होता. आतली रोपं वीतभर झाली होती. बाहेरची बहुतेक हरणांनी खाल्ली होती.

मकरंद गाडीला टेकून वाट पाहत होता. भूकंपानंतरच्या बांधकामासाठी आलेला हा इंजिनिअर पाच वर्षांत शिकारी क्लबचा सेक्रेटरी झाला होता. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर शिंगांच्या तीन जोड्या होत्या.

"काकू, हरणं ढिगानं झालीत, मान्य," तो म्हणाला. "पण आमच्या क्लबात मादीवर कुणी गोळी झाडणार नाही. आई असते ती."

"आणि नर कुणाचा बाप नसतो?" आईनं गमबुटाचा चिखल दगडावर खरवडला. "एक नर मारलास की त्याच्या जागी दुसरा येतो. पाडसं व्हायची थांबत नाहीत. या देशात हरणं नव्हतीच रे, माणसांनी आणून सोडली. रान राखायचं तर माद्याच कमी करायला हव्यात. पण मादीला शिंगं नाहीत ना. तू भिंतीवर काय लावणार?"

मकरंद हसला. "वरणभात खाणारी बाई आम्हाला शिकार शिकवतेय."

"मला हौस आहे म्हणून सांगत नाही." आई सिद्धीकडे वळली. "तू सांग. वही तुझ्या हातात आहे. माझं चुकतंय का?"

सिद्धीनं वहीत पाहिलं. मग मकरंदकडे. अजून दीड तास त्याच्याच गाडीतून जायचं होतं.

"जाऊ दे ना, आई," ती म्हणाली. "गारठा वाढतोय."

आई वळली. गाडीत बसली. वाटेत डेअरीतून दूध घ्यायची आठवण तिनंच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

पाच आठवड्यांनी क्लबच्या हॉलमध्ये मकरंद बोलायला उभा राहिला. तीसेक माणसं टोप्या काढून बसली होती. तो इंग्रजीत बोलत होता, आणि अगदी मनापासून.

"वसुधाकाकू शुद्ध शाकाहारी होत्या. वाद घालायच्या, पण मनातून त्यांना मुंगी मारलेलीही पटली नसती. त्यांच्या स्मरणार्थ या वर्षभर आपल्यापैकी कुणीही मादी मारायची नाही, असं मी सुचवतो."

एक हात वर गेला. मग चारपाच. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं सिद्धीच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि आपलाही हात वर केला.

सिद्धी उठली. पुढे जाऊन तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. मातीनं माखलेल्या बांगड्या खणखणल्या. एक घरंगळत मकरंदच्या कॉफीच्या मगला जाऊन टेकली.

"कुंपणाबाहेर वीस होत्या," ती इंग्रजीत म्हणाली. "सकाळी मी अठरा वेचून आणल्या. दोन ठेवून आले, कारण त्यांत अजून रोप आहे. मागच्या महिन्यात तीन होती."

ती हॉलकडे वळली.

"मुंगी मारलेली तिला पटली नसती, हे खरं आहे. तरीही ती माद्या मारा म्हणत होती. या मकरंदला सांगत होती, माझ्यादेखत. तुम्हाला माद्या मारायच्या नसतील तर मारू नका. पण ते तुमच्या नावावर करा. तिच्या नाही."

वर गेलेले हात तसेच राहिले. खाली घ्यावेत की नाही, कुणाला कळेना.

मकरंद तिच्याजवळ आला आणि मराठीत पुटपुटला, "सिद्धी, अगं, लोक मान देताहेत काकूंना. आत्ता कशाला? जाऊ दे ना."

सिद्धीनं मगला टेकलेली बांगडी उचलली. अंगठ्यानं तिची माती पुसली. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मराठीतच, ती म्हणाली,

"नाही, आई. तुझं चुकत नव्हतं."