शांतीचा हात

प्रविण आला तेव्हा चर्चमध्ये दुसरं गीत चाललं होतं.

वत्सलाबाईंनी मान वळवली नाही. विजयसिंहांच्या जीपचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जीप थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. मग मागं सतरंजीवर कुणीतरी टेकलं आणि शेजारची ताराबाई कुजबुजली, "आला गं तुजा धाकला."

"येनारच. मीच फोन केलता त्याला."

थोरला, आसाराम, पुढं पुरुषांच्या घोळक्यात बसला होता. वर्षभर सासुरवाडीला लपून राहिला होता. दाढी वाढलेली, अंग निम्मं झडलेलं. काल दारात उभा राहिला तेव्हा वत्सलाबाईंनी, जन्म देणाऱ्या आईनं, विचारलं होतं, "कोन पायजे, बाबा?"

उद्या केजच्या कोर्टात त्याची साक्ष होती. विजयसिंहांच्या माणसांनी विहिरीवर एका सालगड्याचा जीव घेतला, ते आसारामनं डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रविण त्याच विजयसिंहांचा ड्रायव्हर. "दादा, साक्ष देऊ नको," म्हणाला, तर थोरल्यानं त्याच्या कानाखाली ओढली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

"आये, मी आलोय ते कुनाला बोलू नको," आसारामनं बजावलं होतं.

पण भाऊ म्हणजे काय कुणी परका? दोघांनी एकदा हात मिळवावा, मग उद्याचं उद्या.

*सर्वांनी बसावे.*

खिडकीवर सावली पडली. बाहेर उन्हात दोन माणसं उभी होती. अनोळखी. जीपमधूनच उतरली असणार.

"आत या की," बाई हळूच म्हणाल्या. "पानी घ्या."

"न्हाई मावशी. हितूनच दिसतंय."

त्यातला एक गजाला कपाळ टेकून आतल्या बाप्यांचे चेहरे न्याहाळत होता. एक झाला की दुसरा. बाईंना वाटलं, पहिल्यांदाच चर्च बघत असंल बिचारा.

पाद्री बद्रीनाथ सांगत होते, "वेदीपाशी आलात आणि भाऊ आपल्यावर रुसलाय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा. आधी भावाला भेटा."

बाईंनी आता मागं पाहिलं. प्रविण डोक्यावरच्या पंख्याखाली घामानं निथळत होता. तळवे पुन्हापुन्हा पँटीला पुसत होता. नजर एकदा भावाच्या पाठीवर, एकदा खिडकीकडं.

घाबरलंय लेकरू, बाईंना वाटलं. दादा हात देतोय का झिडकारतोय, याचं भ्या.



*सर्वांनी उभे राहावे. शांतीची भेट.*

इथली रीत साधी. जागेवरून हलायचं नाही. शेजाऱ्याकडं वळायचं, हात जोडायचे, "शांती असो" म्हणायचं. संपलं. हात धरायची चाल नाही.

पण प्रविण जागा सोडून निघाला. सरळ भावाच्या दिशेनं. उजवा हात आधीच पुढं केलेला.

आसाराम वळला. थबकला. मग त्याचाही हात वर येऊ लागला...

"बघा रे, बघा!" पाद्री बद्रीनाथ वेदीवरून खाली उतरले. "भाऊ भावाकडं चाललाय! आज नुस्ते हात जोडायचे न्हाईत. आज हातात हात द्या, सगळ्यांनी!"

आणि वाटेतच त्यांनी प्रविणचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मग काय, झुंबडच उडाली. आप्पारावांनी हात धरला. "लई दिवसानं बे! आमाला इसरला व्हय?" आश्रुबानं हात धरून वर मिठी मारली.

"सोडा... सोडा की. मला दादाकडं जाऊ द्या."

"दादा कुटं पळून चाललाय का?"

हशा पिकला. कुणी कुणाचाही हात धरत होतं. आसारामसुद्धा त्या लोंढ्यात ओढला गेला. वत्सलाबाई टाचा उंचावून पाहत होत्या. दिसत होत्या नुसत्या पाठी.

"सरका की गं! माज्या पोरांचं बघू द्या मला!"

कुणी ऐकलं नाही. पेटी वाजायला लागली, माणसं पांगली, तेव्हा दोघं दोन टोकांना होते.

"दिला का गं हात? कुनी पाह्यलं का?"

"समद्यांनी समद्यांना दिला की," ताराबाई हसली.

बाईंना पाद्रींचा असा राग आला! देवाजवळ एवढं एकच मागितलं होतं, तेही गर्दीनं गिळलं.

प्रविण प्रभुभोजनाची भाकर न घेताच बाहेर पडला. त्याला परत आणायला बाई लगबगीनं मागं निघाल्या. भिंतीच्या कोपऱ्याशी त्यांचे पाय थांबले. जीपपाशी त्या खिडकीतल्या माणसानं प्रविणची गचांडी धरली होती.

"ज्याचा हात धरशील तो तुजा भाऊ, आसं ठरलंतं ना बे?" तो दात खात म्हणत होता. "तू तर समद्यांचेच धरले!"