फरशीचं सौम्य द्रावण

काकांच्या कारखान्यातलं फरशी धुण्याचं द्रावण इतकं जालीम होतं, की बाटल्या भरता भरता काकूंच्या बोटांची सालपटं निघायची. एका मोठ्या इस्पितळाची ऑर्डर मिळणारच, या भरवशावर काकांनी गोदाम गच्च भरून ठेवलं होतं. इस्पितळाने ऐनवेळी अट घातली, की या द्रावणाने कातडी आणि डोळे भाजत नाहीत, असा प्रयोगशाळेचा दाखला आणा.

"आता तरी त्यातलं ॲसिड कमी करा," काकू म्हणाल्या.

"करतो की," म्हणत काकांनी तपासणीला जाणारी तेवढी एक बाटली घेतली, अर्धीअधिक मोरीत ओतली आणि नळाखाली धरली.

"आणि माझ्या हातांचं काय?"

"तुझे हात कुठे तपासणीला जाणार आहेत?"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तपासणीसाठी काचेच्या बशीत कृत्रिमरीत्या वाढवलेल्या कातडीवर थेंब टाकला, मग तशाच वाढवलेल्या डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्यावर टाकला. कुठेच काही झालं नाही. त्यांनी दाखला दिला आणि नियमाप्रमाणे उरलेलं द्रावण सील करून इस्पितळाकडे पाठवलं. काका दाखला काकूंच्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "बघ, उगाच कांगावा करत होतीस!"

तेवढ्यात इस्पितळाच्या सफाईप्रमुख बाईंचा फोन आला.



"काका, कमाल आहे तुमची! कातडीला काही होत नाही, डोळ्यांना काही होत नाही, आणि आम्ही आत्ताच ओतून पाहिलं, फरशीवरच्या डागांनाही काही होत नाही."