घरचा वाटा

“हे कागद संध्याकाळी गेले, की उद्यापास्नं बोरिवलीच्या बाजारात माझ्या मासळीच्या पाटीकडे कोण फिरकेल काय?” मंजुळाने विचारलं.

मंजुळा कल्पिताची सख्खी मावशी; तपासणीचा अहवाल आज संध्याकाळी वर पाठवणार, हे तिला आधी सांगायला कल्पिता मनोरीला आली होती. अंधेरीच्या प्रयोगशाळेत ती मासे तपासायची. मासा वरून ठणठणीत दिसतो, पण पाण्यातलं विष अंगात शिरलं की त्याच्या लिव्हरमधली ठरावीक जनुकं जागी होऊन कामाला लागतात. ती किती जोरात कामाला लागलीत, हे मोजता येतं. खाडीच्या तोंडाशी, नाल्याजवळ धरलेल्या बोय माशांमध्ये आकडा निरोगी माशाच्या वीस पट निघाला. त्याचं कुणालाच नवल नव्हतं. पण तुलनेसाठी म्हणून मावशीकडूनच बाहेरच्या स्वच्छ समुद्रातले बोय मागवले होते, त्यांचाही आकडा जवळपास तोच आला होता.

“म्हणजे समुद्रच नासला, असं लिहिणार तू,” मावशीचा नवरा हरेश्वर ओट्यावरून म्हणाला. “आमच्या घरात जेवलीस आणि आमचीच वाट लाव.”

कल्पिताला ते लागलं. बोलली मात्र ती कामाचंच. “मावशी, बाहेरच्या माशांच्या बाटल्या तू भरल्यास ना? मासे नक्की बाहेरचेच होते?”

“आता बाहेरचे कुठनं आणू? तूच बोललीस ना, जिता मासा फाडायचा, लिव्हर लगेच बाटलीत टाकायचं, बर्फातला मासा चालणार नाय. बोटीवरचा माल सगळा बर्फातच येतो. मग मी घरच्या वाट्यातले घेतले. उड्या मारत होते नुसते. तुला काय मेलेली मासळी देऊ?”

मावशीचा स्वर असा, की चूक झालीच असेल तर ती कल्पिताची.

“आणि घरचा वाटा येतो कुठून?”

“ह्यांच्या पागातनं. रोज सकाळी टाकतात ना जाळं, मागच्या खाडीत.”

बोटीवरची मासळी बाजारात जायची. घरात शिजायची ती त्याच खाडीतली.

हरेश्वरने मांडीवर थाप मारली. “मग समुद्र साफ हाय! फाड ते कागद.”

“समुद्राचं अजून काहीच कळलेलं नाही, काका. ते मी पुन्हा तपासते. खाडीचं मात्र दोनदा कळलं.”

हरेश्वरला तेवढंही पुरलं. बाजार वाचला होता. आता जेवूनच जा, असा आग्रह त्याने सुरू केला.

मंजुळा मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघराकडे बघत होती. आत तिची सून श्रुतिका जेवायला बसली होती. तिला सातवा महिना होता. रोजच्या वाट्यातला सगळ्यात मोठा मासा मंजुळा तिच्याच ताटात वाढायची, पोराच्या अंगी लागेल म्हणून.

ती आत गेली आणि सुनेच्या हाताखालचं ताट तिने ओढून घेतलं.

“आई, काय झालं? अजून जेवतेय ना मी,” श्रुतिका म्हणाली.

ताट हातात धरूनच मंजुळा कल्पितापुढे येऊन उभी राहिली.

“कल्पे, माशांचं राहू दे,” ती हळूच म्हणाली. “ही तपासणी माणसाची होते काय गं?”